‘ल’ची चेष्टा

सेक्टर ७, भिलाई
१२ ऑक्टोबर

भाग्यश्री,

दोन ऑगस्टला, शनिवारी, दुपारी सव्वाचार वाजता मी सुशीलचं नाव यादीतून काढायचं बटण दाबलं, अन् त्या क्षणाला माझं सगळं बदललं. कॉलेज सोडलं तेव्हा काही बदललं नव्हतं. बाबांनी तीन महिने माझ्याशी बोलणं टाकलं तेव्हाही नाही. बदललं ते त्या बटणानं.

तुझं नागपूरचं पोस्टकार्ड परवा मिळालं. चारच ओळी. ‘फोनवर तू ओरडतोस. मेसेजवर वीस तुकडे पाठवतोस. कागदावर लिही. एवढंच सांग, सुशीलचं ते वाक्य वाचलंस तेव्हा तुला कोणता अर्थ लागला?’

सांगतो. पण पहिल्यापासून सांगतो. तुला सगळं माहीत आहे हे मला माहीत आहे, तरी लिहितो. मलाच एकदा ओळीनं वाचून पाहायचं आहे.

‘सेक्टर’ हा फॉन्ट तुझ्या बाबांच्या हातातून आला. देवीदासकाकांनी तीस वर्षं स्टील प्लांटमधल्या पाट्या रंगवल्या. ‘चलती क्रेन के नीचे खड़े न हों.’ पाट्या हिंदीत, पण काका शिकले भंडाऱ्याकडच्या शाळेत, म्हणून त्यांचा ल मराठी राहिला. हिंदीतला ल उजवीकडच्या काठीला टेकून उभा असतो, आपला मधल्या देठावर लोंबतो. ‘चलती’मधला तो लोंबता ल तू मला पहिल्यांदा दाखवलास तेव्हा मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतो, अन् मला वाटलं, बस, आता हेच करायचं. ज्याला पाहिजे त्यानं फुकट वापरावं, ज्याला जमेल त्यानं नवीन अक्षर काढून जोडावं, सगळ्यांची नावं यादीत लागावीत.

मग माणसं जोडली जायला लागली, अन् तू म्हणालीस नियम पाहिजेत. सुपेल्याच्या खोलीत, खाली बाबुलालच्या वेल्डिंगचा कडकडाट चालू असताना, आपण नऊ कलमं लिहिली. शेरा अक्षरावर मारायचा, माणसावर नाही. दोघांची संमती असल्याशिवाय कोणाचं काम मुख्य फाइलीत घ्यायचं नाही. मी शेवटी लिहिलं, ‘या नियमांत संशोधन करायचं तर तीस दिवस आधी सांगावं.’ कोल्हापूरहून कमलिनीताईंचा फोन आला. अक्षरलेखन शिकवण्यात जन्म गेला त्यांचा. त्या म्हणाल्या, “काय हो, नियमांवर पीएचडी करणार का?” मग तूच त्यांना सांगितलंस की आमच्याकडच्या हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. किती हसलो आपण. तेव्हापासून असा एखादा शब्द आला की ताई आधी आपल्याला विचारत.

कलम चार तुझं होतं. ‘कोणाच्याही कामाची, भाषेची, गावाची चेष्टा करायची नाही.’

अन् जुलैच्या शेवटी सुशीलनं लिहिलं, ‘काकांच्या ल ची मी चेष्टा केली आहे. अजून चेष्टा करायची आहे. थोडा वेळ द्या.’

मी घाईत होतो, भाग्यश्री. गर्मी होती, वीज जाऊन येऊन होती. काकांच्या ल ची चेष्टा, एवढंच दिसलं मला. डोकं फिरलं. तुझ्या बाबांच्या अक्षराचा प्रश्न असल्यानं कलम सातप्रमाणे तू निर्णयातून बाहेर होतीस. निर्णय घेणाऱ्या तिघांपैकी राहिलो मी अन् ताई. मी तक्रार केली, ताईंनी हो म्हटलं, मी बटण दाबलं.

घाईत होतो. हेच उत्तर समज.

पराग


२६ ऑक्टोबर

भाग्यश्री,

तुझं पत्र दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आलं. यावेळी पानभर. मी चार वेळा वाचलं, अन् चारही वेळा चिडलो.

तू लिहितेस की घाईत वाचलं असशील तर सोपं आहे. ‘गैरसमज झाला’ असं दोन ओळींत सगळ्यांसमोर लिही, तक्रार मागे घे, सुशील परत येईल. वीस नोव्हेंबरला पहिली आवृत्ती बाहेर पडेल. नावांची यादी तेरा तारखेला बंद होईल. त्याआधी नाही लिहिलंस तर त्याची बेचाळीस जोडाक्षरं फॉन्टमध्ये जातील अन् नाव जाणार नाही.

पुढे लिहितेस, ‘मी अन् ताई मिळून त्याला परत घेऊ शकलो असतो, पण तक्रार फक्त करणाऱ्यानंच मागे घ्यावी, कारणासकट, हे कलम तूच हट्टानं घातलंस.’

घातलं. कोणी दबाव आणून तक्रार दाबू नये म्हणून घातलं. आठवते का, दोन दिवस भांडलो होतो त्यासाठी. तू म्हणालीस, माणूस चुकला तर? मी म्हणालो, चुकला तर स्वतः येऊन सांगेल, त्याले काय तोंड नाही? आता माझंच तोंड उघडत नाही.

अन् मला राग याचा की पानभर पत्रात सुशीलचं नाव अकरा वेळा आहे. मोजलं मी.

तो पहिल्यांदा खोलीवर आला तो रविवार मी विसरत नाही. दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमधला पोरगा, बाप पॉइंट्समन, शाळा पूर्ण हिंदीत, मराठी फक्त घरातल्या घरात. वहीत त्यानं क्ल, म्ल, ल्ह काढून आणले होते. तू वही उजेडाला धरलीस अन् पंधरा मिनिटं माझ्याकडे पाहिलंच नाहीस. मग त्याच्या स्कूटरवर बसून तू काकांकडे गेलीस, वही दाखवायला. मी मागून सायकलनं आलो. येईपर्यंत काका त्याचा हात हातात धरून देठाचा फराटा कसा सोडायचा ते शिकवत होते. दोन वर्षांत काकांनी माझा हात कधी धरला नाही. मला वाटायचं, त्यांची पद्धतच नसेल.

जाऊ दे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सेक्टर सहाला तुमच्या घरी गेलो होतो. तू नसताना जायला नको होतं, पण आईनं डबा दिला. काका ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, मोतीबिंदूचा काळा चष्मा लावून.

“कोण, पराग का? ये. चिवडा तुह्या आईचा हाये न?”

“हो काका.”

“मग ठेव तेथंच, आत नेला तं काकू लपवते.” खाऊन झाल्यावर म्हणाले, “तो दुर्गवाला पोट्टा कावून येत नाही रे आताशा? त्याचा हात चांगला वळून राहिला होता.”

मी म्हणालो, “त्याले नोकरी लागली काका. टाइम नाही त्याले.”

“अस्सं? बरं झालं मग.” चष्मा सारखा करून म्हणाले, “सांगून जायचं होतं एकदा.”

बघ, म्हणून मी गैरसमजाच्या दोन ओळी लिहीत नाही. का ते आज लिहीत नाही. पण ‘सोपं आहे’ असं परत लिहू नकोस.

पराग

ता.क. कॉलेज मी ‘सेक्टर’साठी सोडलं असं मी तुला, सगळ्यांना सांगत आलो. वर्कशॉपच्या सरांनी मी घासून बनवलेला लोखंडी तुकडा, म्हणजे जॉब, सगळ्यांसमोर परत पाठवला म्हणून मी फाइल त्यांच्या टेबलावर आपटून निघालो होतो. ते म्हणत होते, “बेटा, बैठ, दो मिनट बैठ.” परत जायची लाज वाटली. मग फॉन्टचं कारण सापडलं. हे आज कावून लिहितोय कळत नाही, पण पान संपलं नव्हतं.


५ नोव्हेंबर

भाग्यश्री,

काल दुर्गला गेलो. तू सांगितलं म्हणून नाही. त्याला दोन कानाखाली वाजवाव्या की पाया पडावं, हे स्टेशनपर्यंत ठरत नव्हतं.

क्वार्टरचं दार त्याच्या आईनं उघडलं. कांताकाकू. हाताला भज्यांचं पीठ.

“कोठचा रे तू बाबू?”

“भिलाईचा. सुशीलसोबत काम करत होतो.”

“अरे, मराठी हायेस? ये ये. सुशील, पाय बरं, तुह्या फॉन्टवाला आला!” मग मलाच सांगायला लागल्या. “लय नाराज होता रे पोरगा. मी म्हटलं, आपुन घरी बोलतो तेवढीच आपली मराठी, लिवाले कोण शिकवते येथं? तू कायले मोठ्या लोकाइत लिवाले गेला?”

सुशील आतून आला. मला वाटलं भांडेल. भांडला असता तर मला सोपं गेलं असतं, भांडण मला येतं. तो हसला. “अरे भाई, तू! बैठ न. आई, चाय.”

चहा येईपर्यंत आम्ही क्रिकेटवर बोललो. मग तोच म्हणाला, “यार, गलती तं माझीच होती. मले वाटे चेष्टा मंजे कोशिश. शाळेत तेच शिकलो. ताईनं मेलमधे अर्थ लिहून पाठवला तं मले एवढी शरम आली न, की काकांच्या अक्षराचा मी मजाक उडवला असं त्याइले वाटलं असन. तुले तं राग येनारच. मले भी आला असता.”

मी चहा संपवला.

“आता मराठीत लिहितच नाही मी,” तो म्हणाला. “रिस्क नको. पण एक काम कर भाई. तुही मराठी चांगली हाये. काकाले चिठ्ठी लिहिली मी, दोन महिने झाले. गलत निघाली तं अजून गडबड होईल म्हणून पाठवली नाही. पाहून दे न.”

वहीचं पान होतं. ‘आदरणीय देवीदासकाका, मि तुमच्या अक्षराची टिंगल केलि नाही. मला शब्द माहित नव्हता. क्षमा करा.’ एवढंच.

भाग्यश्री, मी त्याच्याकडून पेन घेतला. ‘मि’ची वेलांटी दीर्घ केली. ‘केलि’ची केली. ‘माहित’चीसुद्धा. अन् पान परत दिलं. तो म्हणाला, “थँक्यू यार, बोझ उतरला.” कांताकाकूनं भजे बांधून दिले, रस्त्यात खा म्हणून.

ते भजे मी खाल्ले नाहीत. दुर्ग स्टेशनच्या बाकावर तासभर बसलो, दोन लोकल सोडल्या. त्याच्या माफीनाम्यातल्या वेलांट्या मी दुरुस्त करून दिल्या. माफी मागायची कोणी होती?

तर आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

मला पहिल्याच वाचनात बरोबर अर्थ लागला. कोशिश. भिलाईत वाढलेल्या पोराला दुसरा लागेल तरी कसा? आपल्या प्रत्येक मास्तरनं ‘चेष्टा करो, बेटा’ म्हटलेलं आहे. गर्मी नव्हती, घाई नव्हती. मी ते वाक्य वाचलं, त्याला ल वर अजून मेहनत करायची आहे हे समजलं, अन् मग मला दिसलं की मराठीत ते कसं वाचता येईल. कलम चार समोर भिंतीवर चिकटवलेलं होतं. मी तीन दिवस थांबलो. तू काकांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला रायपूरला गेलीस, तेव्हा तक्रार टाकली.

याहून वाईट एक आहे, ते तुला माहीत नाही. कमलिनीताईंनी मला वेगळा फोन केला होता. म्हणाल्या, “पराग, मला हा मुलगा तसा वाटत नाही. हा शब्द तुमच्याकडे काही निराळ्या अर्थानं वापरतात का? त्या संशोधनासारखं?” मी म्हणालो, “नाही ताई. इकडेही तोच अर्थ.” त्या म्हणाल्या, “बरं. तुम्ही तिकडचे, तुम्हाला जास्त कळतं.”

तेव्हा गैरसमज कोणाचाच नाही झाला. ताईंचा मी करून दिला.

अन् कलम सात. निर्णयाशी कोणाचा जवळचा संबंध असेल तर त्यानं आधी सांगायचं. तू सांगून बाजूला झालीस. मीपण सांगायला पाहिजे होतं. पण काय लिहिणार होतो मी तिथं? कोणाला, तुलाही, कधी म्हटलं नव्हतं मी ते. नियम पाळायचा तर आधी प्रेम कबूल करावं लागलं असतं, अन् ते मला जमत नव्हतं. सुशीलला काढणं जमलं.

आता तुला कळलं असेल की दोन ओळींचा गैरसमज मी कावून लिहीत नव्हतो. आधी अहंकार होता, नाही म्हणत नाही. नंतर मात्र वाटायला लागलं की तीसुद्धा एक खोटी तक्रारच होईल, फक्त गोड. अन् खरं लिहिलं तर कलम नऊ आहे. जाणूनबुजून खोटी तक्रार करणारा दोन वर्षं बाहेर. तू मला मनात ‘घाईत चुकणारा पराग’ म्हणून ठेवलं आहेस. तेवढंही राहणार नाही.

तेरा तारखेला आठ दिवस आहेत. मी काय करीन ते मला आज माहीत नाही. हे पत्र पोस्टात टाकायची तरी हिंमत होते का पाहतो.

पराग


१३ नोव्हेंबर
सुपेला

भाग्यश्री,

पाच तारखेचं पत्र मी सिव्हिक सेंटरच्या पेटीत टाकलं होतं. तुझं उत्तर आलं नाही. मी वाट पाहिली, मग आज सकाळी वाट पाहणं सोडलं. तुझ्या उत्तरावर ठरवलं असतं तर ते परत तुझ्यासाठीच केल्यासारखं झालं असतं.

दुपारी बारा वाजता मी खोलीवर आलो. सगळ्यांना दिसेल त्या पानावर हे लिहिलं. तू पाहिलं असशील, तरी इथं उतरवतो.

‘दोन ऑगस्टला मी सुशील लांजेवार याच्याविरुद्ध कलम चारखाली तक्रार केली. त्यानं लिहिलेला चेष्टा हा शब्द हिंदीतला आहे, त्याचा अर्थ प्रयत्न. मी भिलाईत वाढलो. तो अर्थ मला पहिल्या वाचनात कळला होता. कमलिनीताईंनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. निर्णयाशी माझा खाजगी संबंध होता, तो मी लपवला. गैरसमज झालेला नाही. सुशीलनं देवीदासकाकांच्या अक्षरावर मेहनत केली, टिंगल केली नाही. त्याच्या भाषेवरून त्याला बाहेर काढणारा मी, म्हणजे कलम चार मोडणारा मीच. तक्रार मागे घेतो. कलम नऊ माझ्यावर लावावं. पराग हटवार.’

‘खाजगी संबंध’ इथं मी आधी सगळं लिहिलं होतं. तुझ्या नावासकट, तीन ओळी. मग पुसलं. माझी कबुली होती ती, तुझी नव्हती. चाळीस लोकांनी तुझ्याकडे वळून पाहावं असं तू काही केलेलं नाहीस. इथं लिहितो, कारण हा कागद फक्त तू वाचशील. माझा तुझ्यावर जीव होता. आहे. याचं उत्तर मागत नाही. सुशीलशी याचा संबंध मी लावला, तुम्ही दोघांनी नाही.

अडीच वाजता ताईंचा फोन आला. ओरडतील वाटलं. पण आवाज एकदम थकलेला. “मी तुमच्यावर विश्वास ठेवून त्या पोराला शब्दाचा अर्थ शिकवला हो. त्याच्याच शब्दाचा.” मग त्या म्हणाल्या, “कलम नऊ लावावं लागेल.” मी हो म्हणालो. “तुम्ही काढलेल्या अक्षरांना तुमचं नाव राहील, ते नियमात आहे.” मी त्यालाही हो म्हणालो. तीन वाजता सुशीलचं नाव यादीत परत आलं. मुख्य फाइलीचे सगळे अधिकार मी ताईंच्या नावावर करून दिले, अन् माझ्या मशीनवरून स्वतःला बाहेर काढलं.

मग सेक्टर सहाला जाऊन आलो. काकांना तोंडानं सांगितलं, सगळं. नोकरीचं खोटं होतं हेही. त्यांनी चष्मा काढला.

“म्हंजे त्यानं ल वर मेहनत केली, अन् तू त्यालेच हाकलला?”

“हो काका.”

“कायले बे?”

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना कळलं असेल, नसेलही. शेवटी म्हणाले, “त्याले निरोप दे. म्हणा, काकानं बोलावलं. चिठ्ठी नको, ब्रश घेऊन ये म्हणा.” मला बस म्हणाले नाहीत.

निरोप मी दुर्गला फोन करून दिला. सुशीलनं ते पान वाचलं होतं. एवढंच म्हणाला, “तू माझी चिठ्ठी दुरुस्त करून दिली न बे त्या दिवशी?” मी म्हणालो, हो. त्यानं फोन ठेवला. त्याच्यावर रागवायचा मला हक्क नाही, अन् गंमत म्हणजे राग आलाही नाही.

संध्याकाळी परत इथं आलो, खोली रिकामी करायला. माझं होतंच काय? चार्जर, दोन वह्या, एक टॉवेल. भिंतीवरची कलमं तशीच ठेवली. किल्ली बाबुलालला दिली, सुशील घ्यायला आला तर त्याला दे म्हणून सांगितलं. तो वेल्डिंगची काच कपाळावर करून त्याच्या छत्तीसगढीत म्हणाला, “अउ तैं? तैं नइ आबे का?”

“मी नाही येत आता.”

“झगरा होगे का?”

“नाही. अबकी बार झगडा नहीं हुआ, भैया.”

खाली त्याच्याच बाकड्यावर बसून हे शेवटचं पान लिहिलं. मग आठवलं, वरचा पंखा चालू राहिला. त्याच्याकडून किल्ली मागून परत चढलो. पंखा बंद केला, खिडकी ओढली, एकदा टेबलाकडे पाहिलं. पान पुरं करायचं म्हणून हे उभ्यानं लिहून राहिलो. निघतो आता. चौकटीत दार अडकतं, थोडं उचलून घ्यावं लागतं. उचलून घेतो, लावून घेतो.

पराग